दीड इंचाचं खोटं

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिवणकाम करणाऱ्या एका मावशीच्या गळ्यात अठरा वर्षं लोंबकळलेली, माप घ्यायची कापडी टेप. आता खिळ्यावर टांगलेली असले, तरी मन थाऱ्यावर नाही. एकदाचं सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी बरोब्बर साठ इंचांची होते. दुकानात मात्र रोज ओढाताण झाली, घामात भिजले, दोनदा इस्त्रीखाली आले. ताणून ताणून मी जवळजवळ तीन इंचांनी लांबले. अंगावरचे आकडे तेच राहिले! त्यामुळे साडेतेहतीसची कंबर माझ्यावर बत्तीस दिसू लागली. कपडे बिघडले नाहीत, कारण मावशी माणूसही माझ्यानंच मोजायची आणि कापडही. उलट बायका खूश. "मावशी, तुमच्याकडे आलं की मी बारीकच होते!" म्हणायच्या. मावशीला माझी लबाडी ठाऊक होती, पण गिऱ्हाईक हसत जातंय ना, म्हणून ती गप्प. मलाही ते कौतुक आवडायचं, कशाला लपवू.

मग मावशीच्या भाचीला नवी नोकरी लागली. तिथे गणवेशाचं माप घेणारा म्हणाला, "कंबर साडेतेहतीस." पोरगी तोंड पाडून दुकानात आली.

"मावशी, गेल्या महिन्यात बत्तीस होती गं! काय झालंय मला?"

मावशीनं सुईत दोरा ओवायला घेतला. ओवता ओवेना.

भाचीनं नवी टेप विकत आणली, कायम पर्समध्ये ठेवली आणि दिवसातून चार वेळा कंबर मोजू लागली. मैत्रिणीनं तिच्या डोक्यात भरवलं, लायपोसक्शन कर, नळीनं चरबी ओढून काढतात, चुटकीसरशी मोकळी. तिनं डॉक्टरांची वेळ ठरवली. मावशी सोबत गेली, सवयीनं मला गळ्यात घालूनच. मला वाचा असती तर मी रस्त्यातच ओरडले असते.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. "हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. व्यायाम करूनही एखाद्या जागची चरबी हटत नसेल, तर तिथला आकार नीट करण्यासाठी असतं. आधी चरबीत औषधी पाणी सोडतो, मग बारीक नळीनं चरबी ओढतो. नंतर कित्येक आठवडे घट्ट पट्टा बांधायचा. सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, कातडीला उंचसखलपणा, हे धोके असतात. पुढे वजन वाढलं तर आकार पुन्हा बिघडतो."

"चालेल. तारीख द्या," भाची म्हणाली. तिला धीरच नव्हता.

डॉक्टरीणबाई कागद बघत थबकल्या. "वजन वर्षभर तेवढंच आहे तुमचं. मग महिन्यात दीड इंच वाढलं कुठून?"

शेवटी मावशीनं मला गळ्यातून काढलं आणि भाचीच्या नव्या टेपशेजारी टेबलावर पसरलं. माझं टोक पुढे लोंबलं.

"ती वाढली नाही हो," मावशी म्हणाली. "माझी टेप ताणून लांबलीय. मला माहीत होतं."

भाची मावशीकडे वळली. "मी रोज रडत होते, मावशी. तू बघत होतीस."

"चुकलं गं माझं, बाळा."

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. "पुढे खरंच वाटलं तर या. पण या दीड इंचासाठी नको."

भाची पंधरा दिवस मावशीशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी दुकानात आली आणि नवी टेप पुढे धरून म्हणाली, "घे माप. खरं सांग."

मित्रांनो, आमच्यासारख्या टेपा अधूनमधून लोखंडी पट्टीशी ताडून बघत जा. आणि ज्याचं माप घ्याल, त्याला खरा आकडा सांगा. तेवढ्यानं कुणी दुखावलं तर समजूत काढता येते.

अजूनही एखादी बाई दुकानात येते आणि हसत विचारते, "ती जुनी टेप कुठंय हो?" मावशीची नजर खिळ्याकडे वळते आणि माझा जीव टांगणीला लागतो. मग मावशी नवी टेप उलगडते, आकडा वाचते आणि मोठ्यानं सांगते.