आवरलेलं नुकसान

गारपीट दुपारी झाली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही सगळं आवरून टाकलं. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

रोपवाटिका आम्हा दोघी जावांची. दोन भावांच्या बायका म्हणून आम्ही या घरात आलो. भाऊ एकापाठोपाठ गेले. मागे राहिलो आम्ही दोघी, विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पाइपांवर ताणलेली हिरवी जाळी. जाळीखाली ट्रे, आणि ट्रेमध्ये मिरची, टोमॅटो, कोबीची रोपं. शेतकरी आधी सांगून ठेवतात आणि लागवडीच्या वेळी येऊन घेऊन जातात. विकायचं काम माझं. उगवून आणायचं काम धाकटीचं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे आणि तिच्या पायाला भिंगरी आहे.

गारा थांबल्या तेव्हा जाळीच्या चिंध्या झाल्या होत्या, पाइप वाकले होते आणि ट्रेमध्ये रोपांचा नुसता लगदा उरला होता. ओला लगदा तसाच राहिला तर त्यात मर लागते, म्हणजे रोप बुडाशी कुजून आडवं होतं. ती एकदा जागेत शिरली की पुढच्या पेरणीलाही सोडत नाही. म्हणून धाकटीने एक मिनिट रडून घेतलं आणि मग खराटा घेतला. लगदा मागच्या खड्ड्यात पुरला. ट्रे धुतले. पाइप तिने टाचेने दाबून सरळ केले. फाटकी जाळी मी घडी करून खोलीत ठेवली. संध्याकाळी जागा अशी दिसत होती की जणू पाहुणे यायचे आहेत.

"आता रडायला हरकत नाही," मी तिला म्हटलं.

"आता कशाला? आता तर सगळं छान दिसतंय," ती म्हणाली, आणि परत रडली.

ती रोपांसाठी रडत होती, आणि दुसऱ्याही एका गोष्टीसाठी. तिचा मुलगा शहरात असतो, चौथ्या मजल्यावर. आईने तिकडे येऊन राहावं असं त्याचं कधीपासून चाललं होतं. शेवटी त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की एक जरी हंगाम बुडाला तरी तो गाडी घेऊन येईल आणि तिने मुकाट्याने बसायचं. मुलगा वाईट नाही. पण धाकटी एकदा तिथे राहून आली होती. आल्यावर म्हणाली, "जाऊबाई, तिथे सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाही. गॅलरीत एक कुंडी आहे, तिला मी दिवसातून चारदा पाणी घातलं. मेली."

म्हणजे नवी जाळी, नवं बियाणं आणि पेरणी, हे सगळं लगेच व्हायला हवं होतं. मिरचीचं रोप महिना-सव्वा महिन्याचं झाल्याशिवाय शेतात जात नाही, आणि शेतकरी कोणासाठी थांबत नाहीत.

मदत कार्यालय एका लांबट गोदामात उघडलं होतं. पहिल्या टेबलावर पाटी होती, "नुकसान मदत". तिसऱ्यावर "तातडीचं कर्ज". दुसऱ्या टेबलावर पाटी नव्हती. तिथे एक बाई डबा खात बसली होती आणि सगळे सगळं तिलाच विचारत होते. ती घास चावत हाताने डावीकडे किंवा उजवीकडे दाखवायची. आम्हाला तिने दोन्हीकडे दाखवलं.

पहिल्या टेबलावर चष्मा कपाळावर चढवलेला एक तरुण साहेब होता.

"मदत म्हणजे परत द्यायची नाही ना?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"आणि कर्ज?"

"ते परत द्यायचं. व्याज कमी असतं."

"मग आम्हाला मदत द्या."

मागच्या रांगेत हशा झाला. साहेबही हसला. "आजी, असं निवडायचं नसतं. दोन्हीकडे अर्ज करायचा."

"म्हणजे दोन्ही मिळतं?"

"नाही. एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मिळत नाहीत."

"मग दोन्हीकडे अर्ज कशाला?"

"एक नाही मिळालं तर दुसरं असावं म्हणून."

"आणि दोन्ही नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"तर अपील करायचं." हे त्याने असं सांगितलं की जणू अपीलही कुठेतरी पोत्यात भरून मिळतं. मग तो म्हणाला, "फक्त नुकसान जागेवर दिसलं पाहिजे. पाहणी होईपर्यंत काहीही हलवू नका."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आवरलं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"झाडून काढलं सगळं."

"कुणी सांगितलं होतं?"

"झाडायला कोणी सांगावं लागतं का?" धाकटी म्हणाली.

साहेबाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि आम्हाला नीट पाहिलं. "पाहणीच्या वेळी काही दिसलं नाही, तर मी लिहिणार काय?" त्यालाही ते ठाऊक नसावं. त्याने आमचा अर्ज घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिसऱ्या टेबलावरच्या बाई कडक इस्त्रीच्या होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आम्ही ढिगाऱ्याला कर्ज देत नाही. धंदा उभा राहील असं डोळ्यांना दिसलं पाहिजे. जागा स्वच्छ, सामान नीट."

"ते तर आहेच!" धाकटी एवढ्या जोरात म्हणाली की डबेवाल्या बाईनेही वळून पाहिलं.

"पण पहिल्या टेबलाला मोडलेलं हवंय," मी म्हटलं.

"ते पहिल्या टेबलाचं. मी माझं सांगितलं."

घरी येताना आम्ही अर्धा रस्ता बोललो नाही. उरलेला अर्धा रस्ता भांडलो. धाकटीचं म्हणणं, जे मोडलं होतं ते परत मोडून ठेवावं, कारण मदत फुकट आहे. माझं म्हणणं, कर्ज घेऊन मोकळं व्हावं, निदान त्यात झाडलेलं चालतं. दूधवाला फाटकाशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "अर्धं मोडा, अर्धं राहू द्या. साहेब लोक एकाच बाजूने बघतात."

आम्हाला ते पटलं, यावरून आमची काय अवस्था झाली होती ते समजावं.

विहिरीकडचा भाग उभा ठेवायचा आणि रस्त्याकडचा मोडायचा, असं ठरलं. घडी केलेली फाटकी जाळी मी खोलीतून आणून पाइपांवर टाकली. ती घड्यांवरच लोंबायला लागली, वाळत घातलेल्या चादरीसारखी. पाइप वाकवायला आम्ही दोघी त्याच्यावर बसलो. तो वाकेना. मग दूधवाला आमच्या मध्ये बसला तेव्हा वाकला, आणि आम्ही तिघंही चिखलात.

"सरळ करताना एवढा त्रास झाला नव्हता," धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मी लांब जाऊन बघितलं. खरोखरच असंच मोडलं होतं, आम्ही खोटं काही करत नव्हतो. तरी मला ते बघवेना. गारांनी मोडलेलं खरं वाटत होतं, आणि आम्ही मोडलेलं आम्ही मोडल्यासारखंच दिसत होतं. धाकटीला पुरलेली रोपंही वर काढायची होती. तिथे मात्र मी आडवी आले. "मर आणायची आहे का परत? मग मदत घेऊन काय करशील, हार घालशील?"

पाहणीला पहिलं टेबल एका दिवशी येईल आणि तिसरं दुसऱ्या, असं आम्ही धरून चाललो होतो. दोघं एकाच दिवशी आले. एवढंच नव्हे, एकाच गाडीतून उतरले, कारण कार्यालयाला गाडी एकच होती.

मी साहेबाला रस्त्याकडे न्यायचं आणि धाकटीने बाईंना विहिरीकडे, असं आम्ही डोळ्यांनी ठरवलं. पण साहेबाला तहान लागली होती, तो सरळ विहिरीकडे गेला. बाईंना चिखल नको होता, त्या रस्त्याकडेच थांबल्या.

"इथे तर सगळं ठीक आहे," साहेब तिकडून ओरडला.

"इथे काहीच ठीक नाही," बाई इकडून म्हणाल्या.

"तुम्ही चुकीच्या बाजूला गेलात!" माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे. धाकटी एका ट्रेमधली माती निरखायला लागली, आणि ट्रेमध्ये माती नव्हतीच. मी सगळं सांगून टाकलं. गारांनी मोडलं, आम्ही आवरलं, तुम्ही म्हणालात म्हणून अर्धं परत मोडलं, आणि बाई म्हणाल्या म्हणून अर्धं तसंच ठेवलं.

साहेबाने इकडे येऊन वाकलेला पाइप चाचपला. "म्हणजे हे नुकसान तुम्ही केलंय."

"नाही हो. नुकसान गारांनी केलं. आम्ही फक्त परत ठेवलं."

"मग मोडलेलं एकदा धरायचं की…" त्याने वाक्य अर्धवट सोडलं आणि वरिष्ठांना फोन लावला. फोन लागला नाही. त्याने विचारलं, "रोपं तरी कुठे आहेत?"

धाकटीने त्याला खड्ड्याशी नेलं आणि फावड्याने वरची माती बाजूला केली. त्याने नाकाला रुमाल लावून फोटो काढले. मग तो मला म्हणाला, "यावर दुसरी पाहणी होईल. तोवर आहे तसं राहू द्या. कशाला हात लावू नका."

"केव्हा होईल?"

"होईल."

इकडे बाई धाकटीला सांगत होत्या, "धुतलेले ट्रे बघितले, छान आहेत. पण पेरणी सुरू झालेली दिसली पाहिजे. नाहीतर प्रकरण पुढच्या हंगामात जाईल."

धाकटी एकदा याच्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. मग तिने पदराला हात पुसले. "साहेब, तुम्ही म्हणता हात लावू नका. बाई, तुम्ही म्हणता पेरा. तुम्ही दोघं एकाच गाडीने आलात ना? मग जाताना गाडीत जरा बोला की."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. दोघांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आमच्या सह्या घेतल्या. पुढे लागतील, असं दोघंही म्हणाले. कशाला लागतील ते मी विचारलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

मग नुसती वाट. मोडलेल्या बाजूला आम्ही हात लावला नाही, आणि उभ्या बाजूला जाळी नसल्यामुळे पेरता येईना. एक शेतकरी येऊन ट्रेमध्ये डोकावला आणि काही न बोलता गेला. तो दुसरीकडे रोपं सांगायला गेला, हे न सांगता कळतं. धाकटी घरातली भांडी पुन्हा पुन्हा घासायला लागली. एकदा तिने कपाटातली पिशवी काढून खुर्चीवर ठेवली. कपडे भरले नाहीत, नुसती ठेवली.

आणि अचानक आमच्या दोघींच्या खात्यात पैसे आले.

फोनवर मेसेज आला होता. "रक्कम जमा", आणि पुढे इंग्रजी अक्षरं आणि आकडे, एकमेकांना चिकटलेले. आम्ही बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीने पडद्याकडे बघितलं. "सरकारकडून आलेत."

"मदत की कर्ज?"

"एवढंच दिसतं इथे. सरकारकडून."

आम्ही गोदामात गेलो. पहिल्या टेबलावर नवा साहेब होता. तो म्हणाला, आमचे असू शकतात. तिसऱ्या टेबलावरच्या बाई रजेवर होत्या, त्यांच्या जागेवर बसलेले गृहस्थ म्हणाले, आमचेही असू शकतात, पुढच्या महिन्यात हप्त्याचा मेसेज आला तर समजा कर्ज.

"आणि नाही आला तर?"

"तर थोडं थांबून बघा."

आम्ही दुसऱ्या टेबलाकडे गेलो. डबेवाल्या बाईने आमचं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "आलेत ना? मग जा घरी."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. "हात लावायला नको त्या पैशांना. परत मागितले तर? की आपले नसतीलच? चुकून आले असतील तर?"

"जाऊबाई," धाकटी उभ्या उभ्याच म्हणाली, "तुम्ही इथे बसून ठरवा. मी जाळीवाल्याकडे जाऊन येते." आणि गेलीसुद्धा.

मी तिच्या मागे धावले. एवढी मी कित्येक वर्षांत धावले नव्हते.

जाळी चढली, दोन्ही बाजूंना. वाकवलेला पाइप दूधवाल्याने सरळ केला आणि जाताना म्हणाला, "आता परत वाकवायचा असेल तर दुसरा माणूस बघा." धाकटी ट्रे भरत होती. मी एकेका खळग्यात एकेक बी टाकत होते. हे काम खरं तिचं, पण त्या दिवशी ते तिच्या एकटीच्याने उरकत नव्हतं. तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. हात मातीचे, म्हणून तिने तो आवाज मोठा करून ट्रेवर ठेवला.

"आई, हंगाम गेला ना? ठरल्याप्रमाणे रविवारी येतो मी."

"गेला कुठे? पेरतोय आम्ही."

"पैसे कुठून आणले?"

"सरकारने दिले."

"मदत मिळाली? अरे वा."

"ते नक्की नाही. कदाचित मदत आहे. कदाचित कर्ज आहे."

"कदाचित म्हणजे काय?"

"म्हणजे कोणालाच माहीत नाही. विचारून झालंय. आणि हे बघ, कळेपर्यंत मला इथून हलता येत नाही."

"असं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्यावर सरकारचं कर्ज असलं, तर ते विचारायला आल्यावर मी जागेवर सापडायला नको?"

"आणि मदत निघाली तर?"

धाकटीने ट्रेमधली माती अंगठ्याने दाबली. "मग मदत घेऊन पळाली म्हणतील. तुझ्या बापाचं नाव आहे या जागेला."

तो म्हणाला, "आई, तू काय बोलतेस ते मला खरंच काही कळत नाहीये."

"मलासुद्धा नाही रे," ती म्हणाली. इतक्या दिवसांत एवढा मोकळा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "तुझ्या काकूला विचार." आणि फोन माझ्याकडे ढकलून ती झारी भरायला विहिरीकडे निघून गेली.

"काकू?" तो म्हणाला. "नेमकं काय झालंय?"

मी सांगायला लागले. गारपीट दुपारी झाली, इथपासून.