सातनंतरचे अकरा सेकंद

"ताई, पुढे चला. आज मान तुमचा आहे," निवेदिका तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाली.

"अगं, पाच मिनिटं. हातातलं एवढं संपवते."

आजूबाजूला खसखस पिकली. कंपनीत तिचं नावच 'पाच मिनिटं' पडलं होतं. चहाला बोलवा, सही मागा, आग लागली म्हणून ओरडत या, उत्तर ठरलेलं. आणि ती पाच मिनिटं कधी अर्ध्या तासाच्या आत संपली असतील तर शपथ! पण तपासणी विभागात तिच्या तोडीचं माणूस नव्हतं. तिच्या नजरेखालून गेलेल्या कामात चूक राहायची नाही, आणि चूक नसताना तिनं कुणाचं काम अडवलं, असंही कधी झालं नव्हतं.

कंपनीनं यंदा खुल्या सॉफ्टवेअरचा उत्सव मांडला होता. जे कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही वापरावं असं सॉफ्टवेअर. वर्षभर फुकट ओरपता ना, मग एक दिवस डागडुजी तरी करा, असं वरच्यांचं म्हणणं. उपाहारगृहातली टेबलं भिंतीला सरकवून मंच केला होता आणि मंचावर पितळी घंटा टांगली होती. ज्याची दुरुस्ती स्वीकारली जाईल त्यानं ती वाजवायची. सकाळपासून नुसता घणघणाट चालला होता.

दुपारी पाळी आली तिच्या भावाच्या प्रोग्रॅमची, तेव्हा कुठे ती लॅपटॉप घेऊन मंचासमोर येऊन बसली.

ध्वनिमुद्रणातली खरखर काढून टाकणारा हा छोटासा प्रोग्रॅम. धाकट्यानं नोकरी सांभाळून घरी बसून लिहिला आणि जगाला देऊन टाकला. सहा वर्षांपूर्वी तो गेला. टेबलाशी बसल्या बसल्या गेला, समोर मायक्रोफोन तसाच चालू. ती पलीकडच्या खोलीत काम करत होती. आत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. "क्षणात गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल," असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या आधारावर तिनं सहा वर्षं काढली होती. जीव घाबरा झाला की ती ते मनातल्या मनात म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

त्याच्यामागे प्रोग्रॅमची देखभाल तिच्याकडे आली. त्याच्या कॉम्प्युटरवर सापडलेली शेवटची फाइल तिनं चाचणीचा नमुना म्हणून आत घातली. त्याच्या आवाजात एक ते सात आकडे, आणि पुढे, मुद्रण आपोआप थांबेपर्यंत, अकरा सेकंद पंख्याची दाट खरखर. प्रोग्रॅममध्ये कुणी काही बदललं की आधी हा नमुना वाजायचा. धाकटा एरवी दहापर्यंत मोजायचा. सातवर का थांबला, असं कुणी विचारलं तर ती हसून म्हणायची, "कंटाळला असेल. पहिल्यापासून चंचलच तो."

मंचावर ध्वनी विभागातला दाढीवाला इंजिनिअर उभा होता.

"ताई, महिनाभर खपलोय हो यावर. तुमच्या भावाची रीत झकास आहे, पण एक चूक राहिली होती. खरखर पुसताना तिच्याखालचे बारीक आवाजही पुसले जायचे. आता खरखर तेवढीच जाईल. तुमचाच नमुना लावतो. एकेक थर काढत नेतो, ऐका."

मोठ्या स्पीकरांतून धाकट्याचा आवाज घुमला. एक, दोन, तीन. सातनंतर खरखर, आणि मग पंखा कुणी बंद करावा तशी ती विरली. खाली टिकटिक ऐकू आली.

"घड्याळ!" दाढीवाला खूश झाला.

ते घड्याळ ती ओळखत होती. दर चौथ्या ठोक्याला अडखळायचं. धाकट्याचे दिवस झाल्यावर तिनं ते भिंतीवरून उतरवलं होतं, ते आजतागायत कपाटात बंद पडून होतं.

त्यानं आणखी एक थर काढला. आता घड्याळामागे श्वास होता. खुर्ची करकरली. समोरच्या रांगेत कुणीतरी हातातला कप हळूच खाली ठेवला.

"तिथे कुणीतरी आहे," निवेदिका पुटपुटली.

दाढीवाल्यानं शेवटचा थर काढला.

"तायडे."

तिला तायडे म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"तायडे!"

मग लांबून, बंद दाराआडून, जराशा त्रासलेल्या सुरात एक बाई बोलली, "आले रे. पाच मिनिटं."

"अहो, ह्या तर आपल्या ताईच!" मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसू तिथेच मेलं.

तिसरी हाक अगदी हळू आली, शेजारी बसलेल्या माणसाला मारावी तशी. त्यानंतर नुसतं घड्याळ.

तिला काही म्हणता काही आठवेना. त्या दिवशी हाक आली नव्हती, असं तिनं देवाशपथ सांगितलं असतं. पण आवाज तिचाच होता. त्याला कळलं होतं. तो बोलावत होता.

दाढीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, आईशप्पथ सांगतो, मी आकड्यांवरच कान ठेवून होतो. शेवटची खरखर कोण ऐकतं हो? मी मागे घेतो. तुम्ही फक्त नामंजूर म्हणा, विषय संपला."

खरंच संपला असता. एक बटण दाबलं की खरखर परत येणार होती, आणि तिच्याखाली सगळं पुन्हा गाडलं जाणार होतं. जगात कुणालाही ते ऐकू आलं नसतं. तिलाही नाही.

तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला.

"दुसऱ्या नमुन्यांवर चालवलंस?"

"चाळीसेक नमुन्यांवर."

"कुठे चुकलं?"

"नाही, ताई."

"मग मागे कशाला घेतोस?"

तिच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक दुरुस्तीखाली 'काय ऐकू आलं' ते लिहावं लागे. तिला दोनदा खोडावं लागलं. मंचावरच्या पडद्यावर अक्षरं उमटत गेली. 'सातनंतर आवाज आहे. तीन हाका. एक उत्तर. दुरुस्ती बरोबर आहे.' आणि तिनं स्वीकार केला.

घंटा कुणी वाजवली नाही. दाढीवाल्याचा हात दोरीपर्यंत गेला आणि खाली आला.

दुरुस्ती स्वीकारली की नमुना आपोआप पुन्हा एकदा वाजतो. स्पीकर बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाच. सहा. सात.

घड्याळ अडखळलं. खुर्ची करकरली.

"तायडे."

ती पहिल्याच हाकेला उठून उभी राहिली.