चार्जर लावा

"या बॅटरीचा पार जीव घेतलात तुम्ही, बाबा," असं म्हणत तिनं लॅपटॉप उलटा करून मांडीवर घेतला.

वडील खिडकीशी बसले होते. जन्मभर गाड्यांची वायरिंग केलेला माणूस. कुणा गिऱ्हाइकानं बॅटरी उतरू दिली, तर त्याला अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं झापायचे. आणि आता स्वतः स्क्रीनवर पत्ते खेळत बसायचे, ते मशीन मान टाकेपर्यंत. चार्जर हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगलेला.

"उतरली की लावतो की," ते म्हणाले.

"उतरायच्या आधी लावायचा असतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

आई गेल्यापासून मशीन असं बंद पडणं रोजचंच झालं होतं.

सुट्टी काढून आली होती ती, तर हे काम वाढून ठेवलेलं. दिसेल त्यावर बोट दाबून वडिलांनी नको ते सगळं मशीनमध्ये भरून घेतलं होतं. मशीन साफ करायला तिनं ऑफिसातलंच हत्यार काढलं. तिथं तिचं कामच ते होतं. प्रत्येक फायलीचा ठसा निघतो, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. फाईल एका ठिपक्यानं बदलली तरी ओळ बदलते. माहितीतल्या सॉफ्टवेअरच्या फायलींचे ठसे यादीत असतातच. जुळला, की फाईल ओळखीची. नाही जुळला, की बघावं लागतं.

उपरी सॉफ्टवेअरं तिनं आधीच काढून टाकली. मग मशीनच्या मूळच्या फायली तपासल्या. सगळ्या जुळल्या, एक सोडून. मशीन सूचना देताना घंटी वाजवतं, त्या आवाजांमधली एक फाईल. नाव अगदी बरोबर, ठसा भलताच. असली फाईल म्हणजे पोस्टमनचे कपडे घालून आलेला चोर. ती उघडून बघायची नाही, ऐकायची नाही. काढायची आणि मूळची जागेवर बसवायची. ऑफिसात हे ती नव्या मुलांना दरडावून शिकवायची. इथंही तिनं तेच केलं आणि वर सगळे अपडेट भरून टाकले.

"माझं काही गेलं नाही ना?" वडिलांनी विचारलं.

"तुमचं होतं काय त्यात? पत्ते आहेत जागच्या जागी."

दुपारी ते पुन्हा खेळायला बसले. ती शेजारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅटरी उतरत आली तसा त्यांनी आवाज मोठा केला, डाव अर्धाच सोडला आणि हात मांडीवर घेऊन बसले. टिंग, असं वाजलं.

ते वाट बघत राहिले.

"ती बोलली नाही," ते म्हणाले.

"कोण?"

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. बॅटरीवरून रोज कटकट करून आईचं तोंड दुखलं, तेव्हा तिनं भाच्याला हाताशी धरून त्या घंटीच्या जागी स्वतःचाच आवाज बसवून घेतला होता. वडिलांनी तिचे शब्द म्हणून दाखवले, तिच्याच हेलात. "अहो, चार्जर लावा. किती वेळा सांगायचं?"

घडी घालता घालता तिचे हात थांबले.

"मला सांगायचं तरी, बाबा."

"हसली असतीस."

दुसरी प्रत कुठं आहे का, असं तिनं विचारलं. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. रोज बोलत होती, मग प्रत कशाला?

अंधार पडेपर्यंत ती शोधत राहिली. येईल तो उपाय केला, आईच्या त्या भाच्याला फोन केला, स्वतःवर चरफडली. पण त्या फायलीची जागा मशीननं अपडेटच्या नव्या फायलींना देऊन टाकली होती. काढलेल्या फायलीचा ठसा तेवढा तपासणीच्या अहवालात उरला होता. वडिलांनी चष्मा लावला आणि त्या ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले.

"यावरून परत करता येत नाही?"

"नाही. कुठं सापडली, तर हीच ती, एवढं ओळखता येतं."

"चूक होत नाही?"

"नाही."

"मग जपून ठेव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरत होती. वडील पत्ते मांडून बसले होते. बॅटरी अजून निम्म्याहून जास्त होती. त्यांनी डाव थांबवला, उठले, खिळ्यावरचा चार्जर काढला आणि लावला.