जयरामभावोजींचे टायर

आमच्या जयरामभावोजींच्या वडिलांनी जन्मभर बैलगाडी हाकली आणि मुलाला एकच शहाणपण देऊन गेले: चाक जितकं मोठं तितकं ते चिखलात कमी रुततं आणि बैल कमी दमतो. बैलांपुरतं ते खरंच होतं. भावोजींकडे मात्र बैल नव्हते. त्यांच्याकडे मागे उघडा हौदा असलेली एक छोटी लॉरी होती, आणि शहापूर ते मुरबाड भात, हिरडा न् कोळसा वाहायचा परवाना होता. सगळं घर त्या परवान्यावर चालायचं. मी त्यांचा मेहुणा. चार इयत्ता जास्त शिकलो म्हणून लॉरीच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे. शहाणपण सांगायचं काम माझ्याकडे कुणी दिलं नव्हतं, पण मी ते करायचो आणि कुणी ऐकायचं नाही.

चव्वेचाळीस साल होतं. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इन्स्पेक्टर शहापूरला येई, लॉरीचं मीटर किती मैल फिरलं ते बघे आणि तेवढ्याच मैलांचं पेट्रोल पुढच्या महिन्याला लिहून देई. अशा दिवसांत भावोजी एकदा कल्याणला गेले आणि चार टायर घेऊन आले. एरवी दुकानात सायकलचा टायर मिळत नव्हता, आणि यांनी आणले ते लॉरीच्या मूळ टायरपेक्षा चांगले चार बोटं उंच, जाड नक्षीचे, कोरे करकरीत. माझ्या बहिणीने, सुंदराने, कुणाकडून आणले म्हणून विचारलं. भावोजी म्हणाले, अशा माणसाचं नाव विचारायचं नसतं.

टायर चढवले तर वळताना मडगार्डला घासायला लागले. भावोजींनी लोहाराकडून मडगार्ड कापून घेतलं. लॉरी एवढी उंच झाली की पोती चढवणारे हमाल कण्हायला लागले. चढाला तर ती पूर्वीपेक्षा जास्त धापा टाकायची, पण भावोजींना ते ऐकूच येत नव्हतं. मोठं चाक, आता लॉरी दमणार नाही, पेट्रोल उरेल, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. टायरच्या बगलेवर एक बाणाची खूण होती. ती कारखान्याची निशाणी समजून भावोजींनी तिला चुना लावला. चारही चाकांवर पांढरे शुभ्र बाण, लांबून दिसायचे.

जुने टायर, पाचव्या जादा टायरसकट, त्यांनी चप्पल शिवणाऱ्या लखमाला दिले. त्यातून कापलेल्या चपलांचे निम्मे जोड लखमाचे, निम्मे यांचे. आणि यांनी आपले सगळे वाटून टाकले. देण्याच्या बाबतीत भावोजींचा हात सढळ होता, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. पहिला जोड बुधूला मिळाला. बुधू डोंगरावरच्या पाड्यातला, पूर्वी यांच्या वडिलांच्या गाड्या हाकायचा, आता लॉरीवर कोळशाची पोती चढवायचा. दुसरा जोड मला. इन्स्पेक्टरच्या शिपायालाही एक गेला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी इन्स्पेक्टरने मीटर पाहिलं आणि कागद पाहिला. आठशे मैलांचं पेट्रोल घेतलं होतं, मीटर सातशे म्हणत होतं. "शंभर मैलांचं पेट्रोल कुणाला विकलंस?" त्याने शांतपणे विचारलं. उत्तर नसेल तर परवाना आजच रद्द, असंही तितक्याच शांतपणे सांगितलं.

भावोजींचा चेहरा पडला. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मलाही त्यांचा संशय आला. मिरवण्याची हौस असलेला माणूस, विकलंही असेल थोडं, असं वाटून गेलं.

तेवढ्यात बुधू पुढे आला. "सायेब, चाक मोठा झाला त फेरं कमी होतात. आमी गाडीच्या चाकाला चिंधी बांधून वाट मोजायचो. यंत्र फेरं मोजतो, वाट नाय मोजत."

इन्स्पेक्टर न्यायी माणूस होता, तिथेच घात झाला. तो उठून लॉरीत बसला. आग्रा रोडवर खर्डीच्या दिशेने मैलाचे आठ दगड ओलांडले. बुधू हौद्यात उभा राहून एकेक दगड मोठ्याने मोजत होता. आठव्या दगडाला मीटर पाहिलं, सात मैल. परत येताना इन्स्पेक्टर चक्क हसला. मला बुधूला मिठी मारावीशी वाटली.

कचेरीपुढे उतरल्यावर भावोजींना राहवलं नाही. त्यांनी पुढच्या चाकावर थाप मारली आणि आपले टायर साधेसुधे नाहीत हे साहेबांना सांगितलं. साहेब वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"हा बाण म्हणजे काय, माहीत आहे? लष्कराचा माल. हा चुना कुणी लावला?"

"मीच, सायेब," भावोजी म्हणाले. "उठून दिसावा म्हणून."

इन्स्पेक्टरने कपाळाला हात लावला. असला चोर त्याने नोकरीत पाहिला नसावा. मग तो सावकाश बोलायला लागला. टायर सडकेच्या कडेला सापडले आणि जयरामने आपण होऊन सरकारात जमा केले, असं तो लिहील. पेट्रोलचा ठपका गेलाच आहे. संध्याकाळपर्यंत लॉरी मूळ टायरांवर उभी दिसली, तर परवाना कायम. नाही दिसली, तर परवान्याची वाट पाहणारे दुसरे दोघे आहेत.

"जुने टायर आहेत ना?" त्याने विचारलं.

मी खाली पाहिलं. शिपायाने आपले पाय हळूच बाकाखाली ओढले. इन्स्पेक्टरने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या, मग हमालांच्या, आणि त्याला सगळं कळलं.

बुधूने पायातला जोड काढला. धूळ झटकली, आणि लॉरीच्या चाकापाशी दोन्ही चपला नीट शेजारी शेजारी ठेवल्या.

भावोजी त्या चपलांकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्या उचलून परत त्याच्या हातात दिल्या.

"घाल रे, बुधू," ते म्हणाले. "उद्यापास्नं आपल्याला चालायचाच हाय."