थोरल्याची सिगारेट

"काका, परत ओढलीत ना?"

दुशिकचा अर्धा जबडा बधिर होता. खोटं बोलायचं होतं, पण तोंडातून नुसतं 'आं' निघालं. खिडकीबाहेर कोरियातल्या टोंगयोंग बंदरावर धुकं उतरलं होतं. होड्या पाण्यावर आहेत की आभाळात, तेच कळेना. त्याला वाटलं, असंच पडून राहावं.

दातांच्या डॉक्टर हेरिमबाईंनी त्याच्या तोंडातला आरसा बाहेर काढला. "बायकोपासून लपवाल, हिरड्यांपासून कशी लपवणार? रक्तच पोचत नाहीये. नवा दात धरणार नाही, जुनेही जातील. मग बसा पेज गिळत."

चूळ भरून दुशिक पुटपुटला, "एकच हो. तीसुद्धा थोरल्याबरोबर."

बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात दुशिकचा जन्म गेला. ते काम थोरल्या भावानंच शिकवलं. पण भावासमोर त्यानं कधी सिगारेट पेटवली नाही. धाकट्यानं तसं करायचं नसतं. दोघं बोटीच्या दोन टोकांना ओढायचे आणि एकमेकांना दिसलोच नाही असं दाखवायचे. भाऊ गेल्यावर मात्र दुशिक टेकडीवर त्याच्या थडग्यापाशी बसू लागला. एक पेटवून त्याच्यापुढे ठेवायची, एक आपण ओढायची. आयुष्यात राहून गेलेली बैठक ती. सिगारेट सोडायची म्हणजे थोरल्याला एकटं टाकायचं, या विचारानंच त्याचा जीव तुटे.

हे सगळं त्यानं लाळ पुसत सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी बाईंनी स्टूल जवळ ओढलं.

"म्हणजे भाऊ गेले आणि धाक संपला?"

"अहो बाई, तसं नाही..."

"मग कसं? आता उठून कान पिळू शकत नाहीत, म्हणून खुशाल त्यांच्या तोंडावर धूर?"

दुशिकला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरले. "बरं, माझी सोडली. पण त्याची पेटवू कशी? झुरका मारल्याशिवाय पेटत नाही ती."

"बंद पडलेली इंजिनं सुरू करता की! बघा काहीतरी जमवून."

छुसकच्या, म्हणजे पूर्वजांना पुजायच्या सणाला दुशिकनं थडग्यावरचं गवत कापलं, तांदळाची दारू शिंपडली, वाकून नमस्कार केला. मग सिगारेट ओठांत न धरता हात लांब करून समुद्राच्या वाऱ्यात धरली आणि टोकाशी काडी नेली. काड्या विझत राहिल्या. शेवटी वाऱ्याची एक झुळूक आली आणि टोकानं पेट घेतला. लाल झालं, मंदावलं, पुन्हा लाल झालं. थोरला सावकाश झुरके घेत होता.

दुशिकनं ती दगडावर ठेवली, मागे सरला आणि थोरल्याची ओढून होईपर्यंत तोंड फिरवून अदबीनं उभा राहिला.