सगळे गोड बोलू लागले

काकांचा संदेश वाचून चिमीचं डोकंच फिरलं. घरच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, ‘मी आता रागावलो आहे. हे वाक्य रागाचे आहे.’ आणि खाली जोडलेले हात.

चिमी विद्यापीठात संशोधन करत होती. ‘नाही’ हा शब्द न उच्चारता माणसं नकार कसा देतात, हा तिचा विषय. ‘बघू’, ‘जमलं तर येतो’, ‘तू म्हणशील तसं’ यातला होकार कोणता नि नकार कोणता, हे हजारो संदेश वाचून कॉम्प्युटरला ओळखता यावं आणि त्यावरून कोणाचं चालतं, कोण कोणाला टाळतं हे कळावं, असा सगळा खटाटोप. त्यासाठी माणसांची खरी बोलणी हवी होती. परकी माणसं आपले संदेश द्यायला काचकूच करू लागली, तेव्हा तिला वाटलं, घरचीच माणसं असताना दारोदार कशाला फिरा? आई, बाबा, काका, आत्या; एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. आडून नकार देण्यात तर आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळ्यांनी हसत परवानगी दिली, फक्त यापुढच्या संदेशांची.

आणि त्या दिवसापासून सगळं घर सुतासारखं सरळ झालं.

ज्या आत्याने जन्मात कोणाचे आभार मानले नव्हते, ती लिहू लागली, ‘दादा, आपली सूचना योग्य वाटते. विचार करून कळवते.’ आई प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देऊ लागली. बाबांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. ते प्रत्येकाचा संदेश शुद्ध करून पुन्हा टाकत, कारण काय, तर यंत्राने चुकीचं शिकू नये!

“बाबा, मला चुकाच हव्यात!” चिमी फोनवर ओरडली. “नेहमी बोलता तसं बोला ना.”

“नेहमी असंच बोलतो आम्ही,” बाबा शांतपणे म्हणाले. मागून आईचा आवाज आला, “जेवली का विचारा तिला.”

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. “तुझ्या कॉम्प्युटरच्या मते तुमच्या घरात सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं.”

“तो बिचारा काय करणार, मॅडम? घरचे त्याच्या तोंडावर खोटं बोलतायत.”

“मग जाऊन समजाव.”

रविवारी चिमी घरी गेली. दार उघडंच होतं, आणि बाबा पॅसेजमध्ये उभे राहून फोनवर गरजत होते. “माझी शिडी नेऊन चार महिने झाले! शिडी आहे की आंदण?”

स्पीकरमधून आत्या कडाडली, “या वयात तुला चढायचंय तरी कुठे?”

“स्वर्गात! पण आधी शिडी आण!”

बाबांनी फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला. लगेच ग्रुपवर आत्याचा संदेश आला, ‘दादा, शिडीबाबत आपल्या भावना समजल्या. सवडीने पाहू.’ बाबांनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं, ‘धन्यवाद.’

“हे! आत्ता फोनवर जे बोललात ना, ते लिहा की तिथे!” चिमीचा आवाज चिरकला.

“चारचौघांत?” बाबा दचकले.

“चारचौघं कुठली? आपण पाचच जण आहोत!”

“आणि तुझं ते यंत्र?” आई ओले हात पुसत बाहेर आली. “परक्यासमोर घरचं भांडण काढायचं होय?”

“आई, यंत्र आहे ते. त्याला काही कळत नाही.”

“मग कळावं म्हणून इतकी वर्षं मरमर कशाला करतेयस?”

आई खुर्चीवर टेकली. “तुझ्या प्रबंधावर तुझं नाव येणार. हिच्या घरी शिडीवरून भांडतात असं लोकांनी वाचलं तर? आत्यानेच बजावलं सगळ्यांना. म्हणाली, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, तोंडं सांभाळा.”

चिमीचा राग गेला नाही. उलट वाढला. घात करणारा प्रेमाने घात करत असला, की धड ओरडताही येत नाही.

शेवटी एका सायकल क्लबने आपले जुने संदेश दिले. अभ्यासाची कल्पना नसताना लिहिलेले; कोण वाटेत थांबला, कोणी टायर उसना नेला, सगळं मोकळंढाकळं. कॉम्प्युटर भराभर शिकला. मॅडम खूश झाल्या. चिमीने घरच्या ग्रुपवर कळवलं, ‘तुमचे संदेश अभ्यासातून काढलेत. आता हवं ते बोला.’

ती भाजी परतत होती तेव्हा आत्याचा फोन आला.

“का गं, आम्ही इतकं चांगलं बोललो, त्या सायकलवाल्यांना काय सोनं लागलंय?”

“ते भांडतात, आत्या.”

“म्हणजे आम्हाला भांडता येत नाही, असं म्हणायचंय तुला?”

“तसं नाही गं—”

“मध्ये बोलू नकोस! तुझ्यासाठी या वयात जीभ आवळून बसले मी. तुझ्या बापाला ‘आपण’ म्हटलं! कधी म्हटलं होतं?”

आणि आत्या सुटली. बाबा, काका, चिमीचं लहानपणीचं जेवताना रडणं, कोणालाच तिने सोडलं नाही. चिमीने भाजी करपायच्या आत गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून, “हो आत्या, चुकलं माझं,” म्हणत राहिली.