पाणी टिकेपर्यंत

"नुसती मान वळवायची नाही, अख्खा माणूस वळवायचा. लाकडाच्या ओंडक्यासारखा. डोकं, खांदा, कंबर, सगळं एकदम कुशीवर. कळलं?"

नर्सबाईंनी सकाळी दरडावून सांगितलेलं धाकट्याच्या कानात अजून ताजं होतं. तेवढ्यात दवाखान्याच्या पलंगावर थोरल्या भावाच्या घशात गुरगुर सुरू झाली. जबडा उघडला, डोळे पांढरे झाले. धाकट्यानं पाठीखाली दोन्ही हात सारून त्याला अख्खाच्या अख्खा कुशीवर घेतला. हिरवट पाणी भांड्यात कमी आणि धाकट्याच्या छातीवर जास्त पडलं. थोरल्याचं अंग ताणलं, पिळलं, पुन्हा ताणलं. डोक्याच्या पट्टीवर लाल ठिपका उमटला.

हे डोकं धाकट्यानंच फोडलं होतं. परवा गॅरेजमध्ये थोरल्यानं गिऱ्हाइकांदेखत त्याच्या थोबाडीत दिली, 'ऐतखाऊ' म्हणाला आणि गिऱ्हाइकं निघून गेल्यावर पाठ फिरवली. धाकट्याच्या हातात चाकाचे नट खोलायचा पाना होता. हात कधी उठला ते त्याला कळलं नाही. आवाज मात्र कळला. ओला, बोथट. थोरला कोसळला आणि पडल्यापडल्या ओकू लागला. आत रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी कवटी उघडून ते काढलं.

"पाय घसरून पडले," असं वहिनीनं दवाखान्यात सांगितलं. थोरला अंगानं रेड्यासारखा, त्याला उचलून वळवायची ताकद घरात धाकट्याच्याच मनगटात होती. एरवी 'भाऊजी' म्हणणारी वहिनी मात्र त्या दिवसापासून 'तू'वर आली होती.

"तुला ठेवलाय तो दयेनं नव्हे," ती म्हणाली होती. "ह्यांच्या पोटात पाणी टिकलं, की आपल्या पायांनी पोलीस चौकीत जायचं आणि खरं सांगायचं. मी ओढत नेणार नाही. घे शपथ."

"घेतली."

"आणि तोवर मीही पाण्याला शिवणार नाही."

आज तिचे ओठ सुकून फुटले होते, तरी ती पलंगाच्या पायथ्याशी ताठ बसली होती.

"उलटीनं डोक्यातला ताण वाढतो," नर्सबाई इंजेक्शन देताना म्हणाल्या. "थांबली नाही तर पुन्हा आत रक्त सुटेल. थोड्या वेळानं चमचाभर पाणी देऊन बघा. आत राहिलं तर ठीक."

पहिला चमचा आत गेला आणि तसाच उसळून बाहेर आला. त्याच क्षणी धाकट्याच्या छातीत काहीतरी सैल पडलं. आज नाही. आज जायला नको. पट्टीवरचा ठिपका रुपयाएवढा झालेला दिसला, तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्यानं मनगट दातांत धरलं आणि रक्ताची चव येईपर्यंत आवळलं.

"चमचा दे इकडे," वहिनी म्हणाली. "तुझ्या हातचं पाणीसुद्धा त्यांना नको झालंय."

तिनं दुसरा चमचा पाजला. थोरल्यानं डोळे उघडले, धाकट्याला ओळखलं आणि उजवा हात थेट त्याच्या गळ्यावर टाकला.

"माझ्या डोक्यात नट दिसला होता काय रे तुला?"

"दादा, बोलू नकोस."

"मारायचंच होतं, तर नीट मारायचंस. कामात नेहमीचाच ढिला तू."

पंजा आवळत गेला. धाकट्याच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. नेमकी तेव्हाच ती गुरगुर पुन्हा आली. गळा सोडवायचा, तर थोरल्याचं डोकं सोडावं लागणार होतं. त्यानं डोकं सोडलं नाही. घुसमटत, भावाचा पंजा नरड्यावर तसाच घेऊन, त्यानं अख्खा माणूस कुशीवर वळवला. मान रेसभरही हलू दिली नाही. उलटी वाहून गेली, तसा पंजा आपोआप सैल झाला.

"अहो, पुरे आता!" वहिनी ओरडली. कोणाला ते तिलाच ठाऊक.

मग तासभर उलटी आली नाही. औषध लागू पडलं असावं. वहिनीनं पुन्हा चमचा लावला. तिघंही थोरल्याच्या घशाकडे लक्ष लावून होती, खुद्द थोरलासुद्धा. घसा हलला, थांबला. काहीच वर आलं नाही.

"आणखी दे," थोरला पुटपुटला.

तेही टिकलं. नर्सबाईंनी पट्टी बदलली, नवी पांढरीच राहिली. थोरला शांत झोपला.

धाकट्यानं पेला भरून वहिनीपुढे धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि डोळे मिटून प्यायली.

"त्यांना वळवायला दोघी नर्स येतील, मी विचारून ठेवलंय," त्यानं सांगितलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "शर्ट तरी बदला."

"असू दे."

गॅरेज चौकीच्या वाटेवरच होतं. टायरांमागे दडवलेला, न पुसलेला पाना आधी तिथून घेऊन चौकीत द्यायचा होता. दार वाजू नये म्हणून त्यानं ते हातानं धरून ओढून घेतलं आणि जिना उतरू लागला.